पाणी उतरताना

नदी घर नेते ती पाणी चढताना नाही, उतरताना नेते. हे लोकांना सांगून सांगून मी थकलो. पूर आला की पेपरवाले येतात, पुढारी येतात, गुडघाभर पाण्यात उभं राहून फोटो काढतात आणि पाणी उतरायला लागलं की निघून जातात. खरं नुकसान त्यानंतर सुरू होतं. आठ-आठ दिवस पाणी पिऊन काठ जड झालेला असतो. पाणी होतं तोवर त्यानेच काठाला समोरून धरून ठेवलेलं असतं. ते खाली गेलं की काठाला टेकायला काही उरत नाही. आधी हातभर आत एक बारीक भेग पडते. त्यात बोट जातं, दुसऱ्या दिवशी मूठ जाते आणि तिसऱ्या दिवशी दुपारी, चांगलं ऊन पडलेलं असताना, खाटेएवढा तुकडा धप्पकन खाली बसतो. तेव्हा फोटो काढायला कोणी नसतं.

वैनगंगेच्या काठी, चामोर्शी तालुक्याच्या खालच्या टोकाला आमचं गाव आहे. इथून काही कोसांवर वर्धा येऊन मिळते आणि पुढे दोघींची प्राणहिता होते. वर्धा भरलेली असली की आमच्या नदीला पुढे वाट मिळत नाही. मग ती मागे फिरते आणि धानाच्या बांध्यांतून, म्हणजे खाचरांतून, बोळांतून, थेट चुलीपर्यंत येऊन बसते. जमीन इतकी सपाट की एकदा आलेलं पाणी जायचं नाव घेत नाही. धान हे काही दिवस सोसतं. मातीच्या भिंती सोसत नाहीत.

मी गावातलं टपालाचं छोटं ऑफिस सांभाळतो. पत्रं आता कोणी लिहीत नाही, म्हणून लोक माझ्याकडून अर्ज लिहून घेतात. गेल्या वीसेक वर्षांत या नदीबद्दल मी इतके अर्ज लिहिले की त्यांचीच चळत काठावर रचली असती तर थोडा तरी आधार झाला असता. 'सविनय सादर', 'तरी मायबाप सरकारने', 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' हे सगळं मला झोपेतसुद्धा लिहिता येतं. माझं अक्षर वळणदार आहे. साहेबलोक तेवढ्याचं कौतुक करतात आणि अर्ज फाइलीत लावतात.

त्यातले निम्मे अर्ज माझ्या मोठ्या बहिणीच्या घरासाठी होते. ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. मी रांगत असताना आई गेली, तेव्हापासून तिनेच मला वाढवलं. तिचं लग्न गावातच झालं, नदीकडच्या ओळीत. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मी तिच्या मागे मागे तिच्या सासरी गेलो आणि शाळा संपेपर्यंत तिथेच राहिलो. भाऊजींनी कधी तोंड वाकडं केलं नाही. तिला मी बाई म्हणतो, आता सगळं गावच बाई म्हणतं. ती मला अजून बाबू म्हणते, माझे केस पिकले तरी.

भाऊजी तापाने गेले त्याला बरीच वर्षं झाली. बाईची एकुलती मुलगी जिवतीकडे डोंगरात दिली आहे. ती दर उन्हाळ्यात म्हणायची, आई, आता माझ्याकडेच राहा. बाईचं उत्तर ठरलेलं असायचं, "तिथी प्यायले पानी नाई. अन् मी तिथी करू काय, दगडं मोजू?" खरी गोष्ट वेगळी होती. तिला कोणाच्याच घरी राहायचं नव्हतं, लेकीच्या नाही आणि माझ्याही नाही. लहानपणी मला सांभाळायचं म्हणून ती बापाच्या घरी सावत्र आईच्या हाताखाली राबली होती, मग सासूच्या. सासू गेल्यावर कुठे ते घर तिचं झालं. "आपल्या चुलीवर आपला चहा," एवढंच तिचं सुख होतं, आणि ते ती दिवसातून चार वेळा मांडून घेत असे.

घर ओळीच्या टोकाला, शाळेच्या बाजूचं. मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब, वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. मागे सांदवाडी, म्हणजे घरामागची कुंपणातली जागा, तिच्यात लिंबाचं झाड आणि वालाचा वेल. सांदवाडीच्या पलीकडे गवत आणि मग नदी. मी शाळेत होतो तेव्हा कुंपण आणि नदी यांच्यात एवढी जागा होती की आम्ही पोरं तिथे विटीदांडू खेळायचो आणि विटी कधी पाण्यात पडत नसे.

ते गवत म्हणजे खस. पुस्तकात त्याला वाळा म्हणतात. चंद्रपूरचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला खस काय चीज आहे हे सांगायला नको. कूलरच्या तिन्ही बाजूंना त्याच्या मुळांच्या ताट्या बसवतात, वरून पाणी ठिबकतं आणि खोलीत गार वास पसरतो. चंद्रपूरला अशा ताट्या बांधून विकणारं एक मुसलमान कुटुंब होतं. त्यातले चाचा मला बाजारात भेटले, चांगली खस मिळत नाही म्हणून कुरकुरत होते. मी तेव्हा नोकरीच्या शोधात रिकामा हिंडत होतो. आपण कोणीतरी आहोत हे दाखवायची फार हौस होती. मी म्हणालो, आमच्या नदीकाठी हवी तेवढी आहे. पुढच्या आठवड्यात चाचा गाडी घेऊन गावात आले. ही करणी माझी. चाचांचा यात काही दोष नाही, ते बिचारे धंदा करत होते.

धान कापून झालं की आम्ही खणायला लागायचो. खसचं वरचं गवत विळ्याने कापायचं, ठोंबाभोवती सब्बलने, म्हणजे पहारीने, चर पाडायचा आणि मुळं सोडवत सोडवत खाली जायचं. ती मुळं माणसाच्या छातीएवढी खोल जातात, एकमेकांत गुंतलेली असतात. ओढून काढली की माती झटकायची आणि जुड्या बांधायच्या. झटकलेली माती तिथेच भुसभुशीत पडून राहायची. आमच्यात सगळ्यांत चांगला हात बाईचा. मूळ न तोडता आख्खा गुच्छ बाहेर काढायची ती. सगळी ओळ खणायची, हसत-खिदळत, दुपारी तिथेच जेवण. हातांना महिनाभर तो वास यायचा आणि आम्हाला तो आवडायचा. पाच-सहा हिवाळ्यांत आम्ही आमच्या बाजूचा काठ साफ केला.

लोक म्हणतात, अडाणी माणसं, त्यांना काय कळतं. मला याचा राग येतो, कारण आम्हाला कळत होतं. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत आमच्याकडे कोणी मुळासकट उपटत नाही. उपटलं तर धुरा फुटतो आणि बांधीतलं पाणी निघून जातं, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. असं गवत उपटलं म्हणून सख्खे भाऊ जन्मभर बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत. पण धुरा आपला असतो आणि काठ नदीचा. नदीच्या मालाची काळजी नदी घेईल असं आम्ही धरून चाललो. स्वतःच्या शेतात एक ठोंब हलू न देणाऱ्या माणसांनी नदीकाठी शेकडो ठोंब उपटले, आणि त्यांना तिकडे आणणारा मी होतो. पुढे शहरात कारखान्यात केलेल्या जाळ्या आल्या, चाचांची गाडी यायची बंद झाली. तोवर काढायला काही उरलंही नव्हतं.

त्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या पुरात, पाणी उतरताना, विटीदांडूची अर्धी जागा गेली. तेव्हाही आम्ही म्हणालो, मोठा पूर होता. दुसऱ्या वर्षी पूर लहान होता तरी कुंपणापर्यंतचं गेलं. मग मी अर्ज लिहायला बसलो.

बऱ्याच वर्षांनी भिंत आली. घाटावरच्या देवळापासून शाळेपर्यंत चांगली दगडी भिंत बांधली. शाळेपाशी संपली. नदीकडची ओळ तिच्या पुढे. मी साहेबांना विचारलं, पुढचं काय, तर म्हणाले, पुढच्या टप्प्यात. हा टप्पा नावाचा पाहुणा अजून गावात आलेला नाही. भिंतीचा एक गुण मात्र आम्हाला लवकरच कळला. पाणी भिंतीला घासत येतं आणि जिथे भिंत संपते तिथे वळसा घेऊन आपला सगळा राग पुढच्या मातीवर काढतं. पुढची माती म्हणजे बाईच्या सांदवाडीखालची. भिंत नव्हती तेव्हा नदी सगळ्या गावाचं थोडं थोडं खायची, भिंत झाल्यावर एकट्या त्या ओळीचं खायला लागली. देवळातले लोक नारळ फोडून मोकळे झाले. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही फोडला असता.

मग आम्ही खताच्या रिकाम्या पोत्यांत रेती भरून काठाला लावली. उन्हाने पोती फाटली, रेती नदीची नदीला परत गेली. बेशरमीची झुडपं लावली. ती नावाप्रमाणे कुठेही जगतात म्हणतात, पण आमच्याकडे मातीसकट गेली.

आमच्या बाजाराला मुलचेऱ्याकडून एक बंगाली मासेवाले यायचे. त्यांना सगळे दादा म्हणायचे. त्यांचे वाडवडील फाळणीनंतर इकडे आणून वसवलेले. एकदा ते मासे द्यायला ओळीत आले आणि बाईच्या सांदवाडीत जाऊन बराच वेळ खाली बघत राहिले. मला म्हणाले, "हमारा बाप उधर का था, जिधर नदी और समुंदर मिलता है. हर साल जमीन जाता था. हर साल घर पीछे हटाता था." मी विचारलं, मग काही करत नव्हते का? ते म्हणाले, "करता था. नदी को रोकने से नहीं रुकता. उसको थकाने का."

थकवायचं कसं ते त्यांनी दाखवलं. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की काठाजवळ पात्रात बांबूचे खुंट ठोकायचे आणि त्यांना बांबूच्या ताट्या बांधायच्या, धारेला तिरप्या. ताटी तळापासून हातभर वर ठेवायची. वरचं जोरदार पाणी ताटीला आपटून मधल्या पात्राकडे वळतं, खालचं गढूळ पाणी हळूहळू आत येतं आणि गाळ काठापाशी टाकून जातं. दादा दोन दिवस आमच्याबरोबर पाण्यात उभे राहिले, मासे विकायचे सोडून. परका माणूस. आमच्या गावातले शाळेपलीकडचे लोक बघायलासुद्धा आले नाहीत.

त्याच उन्हाळ्यात मी एका रोपवाटिकेतून खसचे ठोंब आणले. होय, तीच खस. तिथला माणूस मला समजावून सांगत होता की ही वनस्पती माती धरून ठेवण्यासाठी फार उपयोगी आहे. मी मान डोलावली. पाऊस सुरू झाल्यावर बाई आणि मी काठावर हातहात अंतरावर ते ठोंब लावले. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. शेवटी तीच म्हणाली, "काढताना बी आपणच, लावताना बी आपणच. नदी म्हनत असन, या बहीण-भावाले काही धंदा नाई."

"बाई, चाचाले मी आणलं होतं," मी म्हणालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हे तोंडातून निघालं.

"तू आणलं, पण खणली त मी," ती म्हणाली आणि पुढचा ठोंब उचलला.

त्या पावसाळ्यात ताट्या टिकल्या. पाणी उतरलं तेव्हा काठापाशी गुडघाभर गाळ बसलेला होता, काळा, लोण्यासारखा. बाईने त्यात वालाच्या बिया टोचल्या आणि हिवाळ्यात वालाच्या शेंगा गावभर वाटल्या. शाळेपलीकडेही दिल्या. दादांना पिशवीभर. मला त्या हिवाळ्याची आता चीड येते. नसता आला तर बरं झालं असतं असं वाटतं. माणूस हरलेलाच असला की त्याला सवय होते. एकदा जिंकल्यासारखं झालं की मग तो हिशेब बिघडवून बसतो.

पुढच्या वर्षी पाऊस एकाएकी पडला. वरच्या धरणाची दारं उघडली, खाली वर्धा भरलेली, आमची नदी मध्ये अडकली. जंगलातली आख्खी झाडं मुळांसकट वाहत येत होती. दुसऱ्याच दिवशी एक मोठं अर्जुनाचं खोड ताट्यांवर आडवं आलं आणि सगळी रांग घेऊन गेलं. शाळेच्या गच्चीवरून मी बघत होतो. आवाजसुद्धा ऐकू आला नाही. बाईला मी आधीच माझ्या घरी आणलं होतं, माझं घर गावाच्या वरच्या बाजूला आहे. तिचं घर पाण्यात उभं होतं, ओट्यापर्यंत, पण उभं होतं.

आठव्या दिवशी पाणी उतरायला लागलं. मी आणि बाई चिखल तुडवत गेलो. भिंती ओल्या झाल्या होत्या तरी पडल्या नव्हत्या. आम्ही मागे गेलो. लिंबाचं झाड किंचित नदीकडे कललेलं होतं. भेग झाडाच्या अलीकडे होती, घराच्या बाजूला. मी तिच्यात हात घातला तर कोपरापर्यंत गेला.

मी ओट्यावर बसून राहिलो. किती दिवस मिळतील याचा अंदाज बांधत होतो. तीन, फार तर चार. मी म्हणालो, "बाई, घर उतरवून घेऊ. सागवान आहे, दारं आहेत, कवेलू आहेत. नदीले काऊन द्यायचे?"

ती आत गेली, चुलीपाशी उभी राहिली, मग पदर खोचून बाहेर आली. "शिडी आण," म्हणाली.

आमच्याकडे दर वर्षी-दोन वर्षांनी पावसाच्या आधी कवेलू फेरतात. म्हणजे छपरावरचे सगळे काढून, फुटके बाजूला करून, नव्याने रचायचे. माकडं नाचून नाचून ते फोडतातच. हे काम भराभर करणारे पुष्कळ आहेत, पण न फोडता करणारे थोडे. बाई त्यांच्यातली. मी वर चढलो, ती खाली. मी एकेक सोडून हातात द्यायचो आणि ती गवतावर उभे रचायची, एकाला एक टेकून. ओले कवेलू जड असतात आणि फुटतातही लवकर. मध्येच ती ओरडायची, "दोन हातानं दे. तुले लहानपणापासून घाई." दोन दिवस आम्ही हेच केलं. छपर गेलं, मग मयाली, म्हणजे छपराच्या तुळया, उतरवल्या, दारं काढली, चौकटी सोडवल्या. शेजारचे भाऊ आपल्या ओट्यावर बसून बघत होते. त्यांचं घर आमच्याच ओळीत, भेग त्यांच्या मागेही होती. मी म्हटलं, तुमचंही उतरवून देतो. ते म्हणाले, "जाऊ दे जी. मले आता उठ-बस होत नाई. नेलं त नेऊ दे." बाईने त्यांच्या घरातलं सामान तेवढं बाहेर काढून दिलं.

सगळं बैलगाडीने माझ्या अंगणात आणलं. बिनछपराच्या त्या चार भिंतींत बाई परत एकदा गेली आणि झाडून आली. 

चौथ्या दिवशी दुपारी ती माझ्या ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. दोनदा आवाज आला, लांबून, थोड्या अंतराने. पहिला शेजारच्या भाऊंच्या घराचा, ते नंतर कळलं. दुसरा आला तेव्हा तिने मान वर केली. "हे आपलं होय," म्हणाली आणि परत सुपाकडे वळली. मी धावत गेलो. तिथे काहीच नव्हतं. नदी अगदी शांत वाहत होती, जणू काही तिने काही केलंच नाही.

त्याच संध्याकाळी ग्रामपंचायतीत कळलं की पुरात पूर्ण पडलेल्या घरांची यादी होणार आहे. त्या लोकांना सडकेपलीकडे उंचावर प्लॉट मिळणार आणि घरकुलही.  वीस वर्षं ते फॉर्म मीच भरतो आहे. 'घर पुरामुळे पडले काय' हा रकाना मी किती वेळा भरला असेल. शिडी आणताना तो मला आठवला नाही. सागवान आठवलं, कवेलू आठवले, रकाना आठवला नाही. मी बाईला समजावलं, "उद्या तलाठी येतीन. विचारलं त एवढंच सांग, पुरात पडलं. जास्त बोलू नको."

"पडलंच त आहे," ती म्हणाली. मला बरं वाटलं.

तलाठी तरुण होता, स्वभावाने चांगला. चिखलाने भरलेला, सकाळपासून उपाशी. सोबत दोन पंच आणि मागे ओळीतली माणसं. आधी सगळे काठावर जाऊन आले, मग माझ्या अंगणात बसले. माझ्या बायकोने पाणी दिलं. तलाठ्याने कागद मांडीवर घेतला.

"बाई, घर पुरात पडलं ना?"

"हो जी," बाई म्हणाली. त्याने लिहायला घेतलं. 

लिहिता लिहिता त्याची नजर अंगणाच्या कडेला गेली. तिथे भिंतीला लागून कवेलूंच्या रांगाच रांगा होत्या, धुऊन रचलेल्या. तो सहज म्हणाला, अगदी कौतुकाने, "एवढे वाचले कसे हो बाई? आमच्या घरचे त माकडंच ठेवत नाहीत."

गेल्या बारा-पंधरा दिवसांत बाईचा चेहरा पहिल्यांदा फुलला. मी तिच्याकडे बघून खाकरलो, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. "वाचले नाईत जी, उतरवले," ती म्हणाली. "दोन दिवस लागले. बाबू वर होता, मी खाली. ओले होते, तरी एक नाई फुटला. मोजून पाहा पायजे त. दारं बी आमीच काढली, मयाली बी. नुसती भिताडं राह्यली होती, तेवढी नदीनं नेली."

पेन थांबलं. तलाठ्याने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. दोन्ही पंच ऐकत होते, अर्धी ओळ ऐकत होती. त्याने तिला एक संधी दिली, हे मला कबूल केलं पाहिजे. तो हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे बाई, घर तुम्ही स्वतः पाडलं, असं म्हणायचं आहे का तुम्हाला?"

"पाडलं नाई," बाईने त्याला दुरुस्त केलं. "पाडणारे वेगळे. आमी उतरवलं."

त्याने आधीची ओळ खोडली आणि तिच्याखाली लिहिलं. मी समोर बसून उलटं वाचलं. 'घरमालकाने घर स्वतः काढून घेतले आहे. मोक्यावर घर आढळून आले नाही.' मग कागद बाईपुढे धरला. अंगठा चालला असता, पण तिला सही येते आणि ती कधी अंगठा देत नाही. तिने पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, एकही काना न विसरता.

यादी लागली तेव्हा मीच ती फळ्यावर डकवली. नदीकडच्या ओळीतली तीन नावं होती. शेजारच्या भाऊंचं होतं. बाईचं नव्हतं. मी हरकतीचा अर्ज लिहिला, तालुक्याला दिला, जिल्ह्याला दिला. माझ्या वळणदार अक्षरात. त्यावर उत्तर आलं की पंचनाम्यात घरमालकाचं स्वतःचं बयाण आहे आणि त्यावर सही आहे.

आता ती माझ्याकडे मागच्या खोलीत राहते. माझी बायको तिला काही कमी करत नाही, उलट जास्तच करते. ताट वाढून देते, पाणी गरम करून देते. बाई सगळ्याला हो म्हणते. दिवसभर ओट्याच्या कडेला बसते, पाहुणा बसतो तशी, अंग चोरून. गावात सगळ्यांना कळलं आहे की तिने काय सांगितलं आणि काय गेलं. बायका तिला तोंडावर काही म्हणत नाहीत, पण तिलाही ते कळलंच.

एका सकाळी मी टपालाची पिशवी उघडत होतो. ती जवळ येऊन उभी राहिली.

"बाबू, मी चुकली का?"

"नाई बाई. खरं तेच सांगतलं तू."

"मग प्लॉट काऊन नाई देल्ला?"

मी पिशवीतली पाकिटं इकडची तिकडे केली.  मग ती आत गेली. माझ्या बायकोला विचारत होती, "मी थोडा चहा मांडू का?"